एका जुन्या छायाचित्रांतील बंदूक

आपल्या धर्मग्रामाच्या महोत्सवाची स्मरणिका काढावयाचें ठरलें, तेव्हां घरोघरचीं जुनीं छायाचित्रें गोळा करण्याचें काम मजकडे आलें. लोकांनीं मोठ्या आपुलकीनें माळ्यावरच्या पेट्या खालीं काढल्या. लग्नाचीं, पहिल्या ख्रिस्तप्रसादाचीं, शाळेच्या संमेलनांचीं अशीं कितीतरी चित्रें हातीं आलीं. त्यांत गणवेषधारी पुरुषांचींही कांहीं होतीं. आपल्या समाजांतील कित्येकांचे पूर्वज पलटणींच्या व संस्थानांच्या बँडमध्यें वाद्यें वाजवीत असत, हें वाचकांस ठाऊक आहेच. परंतु ज्या छायाचित्राविषयीं मी आज लिहिणार आहें, तें आपल्यापैकीं कोणाच्या घरचें नव्हे. हें काम चालू असल्याचें ऐकून, शाळेंत एकाच बाकावर माझ्याबरोबर बसणारे तासगांवकडील एक स्नेही तें घेऊन माझ्याकडे आले. त्या चित्राचा उलगडा करतांना जें शिकावयास मिळालें, तें आपल्या सर्वांच्या उपयोगीं पडेल असें वाटल्यावरून तें येथें सादर करीत आहें.

चित्र साधेंच होतें. डोक्यास पटका, अंगांत खाकी कोट, पायांस गुंडाळलेल्या पट्ट्या, कमरेस पट्टा आणि उजव्या हातीं जमिनीवर टेकवलेली बंदूक, असा एक तरणा शिपाई उभा होता. मागें चितारलेला पडदा, बाजूस तिवईवर फुलदाणी. मागील पुठ्ठ्यावर नांव नाहीं, गांव नाहीं, साल नाहीं. घरांत मात्र दोन कथा चालत आलेल्या. थोरल्या पातीचे लोक म्हणत, हे आमचे पणजोबा. ते काबूलच्या लढाईस गेले होते आणि ही बंदूक त्यांनीं पठाणाकडून हिसकावून आणली. धाकट्या पातीचे लोक म्हणत, बंदूक पठाणाची नव्हे, तुर्काची. स्नेही म्हणाले, "अहो, पितृपक्षांत दर वर्षीं आम्ही या चित्रास हार घालतों. तो नेमका कोणाला घालतों, तेवढें एकदां कळलें पाहिजे. आईचें वय नव्वदीच्या पुढें गेलें आहे. तिच्या डोळ्यांदेखत कळावें."

प्रश्न असा होता. चेहऱ्यावरून त्याचें उत्तर मिळण्याजोगें नव्हतें, कारण तो चेहरा पाहिलेलें कोणीच हयात नव्हतें. तेव्हां आम्हीं बंदुकीस साक्षीला बोलावलें.

प्रथम विचार करावयाचा तो असा कीं, शेतकऱ्याच्या मुलाच्या हातीं बंदूक आलीच कशी? साताऱ्याचें राज्य १८४८ सालीं खालसा झालें. १८५७ सालीं रंगो बापूजी यांच्या कटाच्या प्रकरणांत सतरा जणांस साताऱ्यास गेंडामाळावर देहान्त शासन झालें. त्यानंतर देशभर प्रजेचीं हत्यारें काढून घेण्याचें धोरण सरकारनें चालविलें आणि १८७८ च्या हत्यारांच्या कायद्यानें परवान्यावांचून बंदूक बाळगणें हा गुन्हा ठरला. म्हणून त्या काळच्या चित्रांत बंदूक दिसली, कीं ती धरणारा बहुधा सैन्यांतला, पोलिसांतला, संस्थानच्या चाकरींतला, किंवा परवाना मिळालेला शिकारी समजावा. सांगली हें पटवर्धनांचें संस्थान १९४८ सालीं विलीन होईपर्यंत निराळें होतें. त्याचे पोलिस व पहारेकरीही निराळे होते. यास्तव सांगलीकडील चित्रांत केवळ बंदूक पाहून भागत नाहीं, पोषाखही पाहावा लागतो.

दुसरी गोष्ट अशी कीं, शिपायाच्या हातची बंदूक त्याच्या मालकीची नसे. ती सरकारची. तिच्यावर क्रमांक असे. काम संपलें कीं ती शस्त्रागारांत, म्हणजे शिपाई ज्यास कोत म्हणत तेथें, जमा करावी लागे. आणि ती हरवल्यास कडक शिक्षा होत असे. पूर्ण गणवेष चढवून, पट्ट्यास संगिनीचें म्यान अडकवून उभा राहिलेला शिपाई शत्रूची बंदूक हातीं घेऊन चित्र काढवील, हें संभवनीय नाहीं. तो आपल्या नेमणुकीचेंच हत्यार घेऊन उभा राहील. आमच्या चित्रांत म्यान होतें. येथेंच दोन्ही पातींच्या कथांस पहिला तडा गेला.

आतां बंदुकीची जात ओळखावयाची. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून विसाव्याच्या आरंभापर्यंत आपल्याकडील सैन्यांत ज्या मुख्य बंदुका होत्या, त्या ओळखणें वाटतें तितकें कठीण नाहीं.

सर्वांत जुनी १८५३ च्या नमुन्याची एन्फील्ड. ही ठासणीची बंदूक. नळीच्या तोंडांतून दारू व गोळी घालून गजानें ठासावयाची आणि टोपीवर घोडा पाडून उडवावयाची. लांबी सुमारें ४ फूट ७ इंच. नळीखालीं गज, नळी व लांकूड यांस आवळणाऱ्या तीन कड्या, आणि उजव्या अंगास वर आलेला ठळक घोडा, या तिच्या खुणा. हिच्याच काडतुसांच्या चरबीवरून १८५७ सालीं भडका उडाला.

दुसरी स्नायडर, १८६६ सालची. ही निराळी बंदूक नव्हेच. त्याच एन्फील्डच्या नळीचा मागील भाग कापून तेथें बाजूस उघडणारें झांकण बसविलें, म्हणजे काडतूस मागून भरतां येऊं लागलें. लांबून पाहणाऱ्यास ती एन्फील्डच वाटते. घोडा व तीन कड्या तशाच.

तिसरी मार्टिनी-हेन्री, १८७१ सालची. हिला बाहेर घोडा दिसतच नाहीं. चापाच्या मागें, दस्त्याखालीं, एक लांब दांडी असते. ती खालीं ओढली कीं आंतील ठोकळा खालीं जाऊन काडतुसास वाट मिळते. लांकूड एकसंध नसून मध्यें लोखंडी पेटी असते. लांबी सुमारें ४ फूट १ इंच.

चौथी ली-मेटफर्ड, १८८८ सालची, आणि तिचीच पुढील बहीण ली-एन्फील्ड, १८९५ सालची. येथून खटक्याची बंदूक सुरू झाली. चापाच्या पुढें खालच्या अंगास काडतुसांची चौकोनी पेटी लोंबते आणि नळीचें टोंक लांकडाच्या पुढें आलेलें दिसतें.

पांचवी आंखूड ली-एन्फील्ड. ती १९०२ सालीं मान्य झाली आणि १९०७ सालीं तिचा सुधारलेला नमुना निघाला. लांबी ३ फूट साडेआठ इंच. पेटींत दहा काडतुसें. हिची खूण लहान मुलालाही सांपडेल अशी आहे: लांकूड थेट नळीच्या तोंडापर्यंत आलेलें असतें आणि तेथें जाड लोखंडी टोपण बसविलेलें असतें. त्यामुळें तिचें नाक चेपल्यासारखें बोथट दिसतें.

या क्रमाबरोबर एक कटु गोष्टही ध्यानांत ठेवली पाहिजे. १८५७ च्या अनुभवानंतर हिंदी पलटणींस गोऱ्या पलटणींहून एक पायरी मागचें हत्यार द्यावयाचें, असें सरकारचें धोरण होतें. गोऱ्यांकडे स्नायडर आली तेव्हां हिंदी शिपायांकडे ठासणीची एन्फील्ड. गोऱ्यांकडे मार्टिनी आली तेव्हां यांच्याकडे स्नायडर. दुसऱ्या अफगाण युद्धांत २७ जुलै १८८० रोजीं मैवंद येथें मोठा पराभव झाला. त्या एकाच रणांगणावर गोऱ्या ६६ व्या पलटणीच्या हातीं मार्टिनी होत्या आणि तिच्या शेजारीं लढणाऱ्या मुंबई सैन्याच्या हिंदी पायदळाच्या हातीं स्नायडर होत्या. गोळ्या मात्र दोघांसही सारख्याच लागत होत्या. म्हणून चित्राचें साल ठरवितांना विलायतेंत बंदूक केव्हां निघाली एवढें पाहून चालत नाहीं. ती हिंदी शिपायाच्या हातीं पडेपर्यंत गेलेलीं वर्षेंही हिशेबांत धरावीं लागतात.

हें सर्व ध्यानांत घेऊन आम्हीं भिंग लावून चित्र पाहिलें. प्रथम उंची मोजली. साधारण साडेपांच फूट उंचीच्या मनुष्याशेजारीं एन्फील्ड टेकवली तर ती जवळजवळ खांद्यास लागते, मार्टिनी छातीच्या मध्यापर्यंत येते, आणि आंखूड ली-एन्फील्ड बरगड्यांच्या खालच्या भागापाशींच थांबते. आमच्या शिपायाची बंदूक बरगड्यांपाशीं थांबली होती. मग टोंक पाहिलें. तें बोथट, लांकूड तोंडापर्यंत आलेलें. चापापुढें पेटी लोंबत होती. खटक्याची मूठ खालीं वळून दस्त्यास चिकटलेली होती. तुर्की सैन्याच्या माउझर जातीच्या लांब बंदुकीची मूठ आडवी बाहेर आलेली असते व नळीचें टोंक लांकडाबाहेर दिसतें. येथें तसें कांहींच नव्हतें. निर्णय झाला: ही सरकारी आंखूड ली-एन्फील्ड. ती पठाणाची नव्हे, तुर्काची नव्हे. आणि जी बंदूक १९०२ पूर्वीं अस्तित्वांतच नव्हती, ती १८८० च्या काबूलच्या लढाईंत कोणी हातीं धरलेली असणें शक्य नाहीं. ज्यांस पणजोबा म्हणून हार घातला जात होता, ते पणजोबा नव्हते.

स्नेह्यांचा चेहरा उतरला. मीही क्षणभर मनांत म्हटलें, कीं हा उद्योग आरंभिला नसता तर बरें झालें असतें. परंतु अर्ध्यावर थांबणें हें न शोधण्याहूनही वाईट.

बंदुकीची साक्ष एका बाजूनें पक्की असते, दुसऱ्या बाजूनें कच्ची. 'या सालापूर्वींचें नव्हे' असें ती ठामपणें सांगते. 'या सालानंतरचें नव्हे' असें सांगूं शकत नाहीं. आंखूड ली-एन्फील्ड दोन्ही महायुद्धांत होती आणि पुढेंही अनेक वर्षें पोलिसांच्या खांद्यावर दिसे. पोलिसांसाठीं तिचीच नळी आंतून गुळगुळीत करून, एका वेळीं एकच काडतूस भरतां येईल अशी बंदूक केलेली असे. चित्रांत ती ओळखूं येणें दुरापास्त. शिवाय कांहीं छायाचित्रकार शोभेसाठीं आपल्याकडचीं हत्यारेंही गिऱ्हाइकांच्या हातीं देत. यासाठीं दुसरा साक्षीदार हवाच.

तो खांद्यावर सांपडला. भिंगाखालीं, कोटाच्या खांदपट्टीवर, पितळी आंकडे दिसले: ११०. येथें इतिहास आपण होऊन बोलूं लागला. १९०३ सालीं हिंदी सैन्याच्या पलटणींस नवे क्रमांक मिळाले, तेव्हां ११० वी मराठा लाइट इन्फंट्री हें नांव रूढ झालें. १९२२ च्या पुनर्रचनेंत तो क्रमांक जाऊन ती पांचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची तिसरी पलटण झाली. म्हणजे हें चित्र १९०३ ते १९२२ यांच्या दरम्यानचें, हें ठरलें. बंदुकीनें एक दार लावलें होतें. आंकड्यानें दुसरें लावलें.

या अवधींत ११० व्या पलटणीवर काय ओढवलें, तें सर्वज्ञात आहे. पहिल्या महायुद्धांत पुण्याची सहावी डिव्हिजन मेसापोटेमियांत, म्हणजे आजच्या इराकांत, उतरली. तींत १०३ वी, ११० वी व ११७ वी अशा तीन मराठा पलटणी होत्या. एप्रिल १९१५ त शैबा येथें, आणि नोव्हेंबर १९१५ त बगदादच्या अलीकडे टेसिफॉन येथें मराठे लढले. टेसिफॉनहून माघार घेतलेलें सैन्य तैग्रिस नदीच्या वळणांतील कूत या गांवांत अडकलें. ७ डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत वेढा चालला. बाहेरून सोडविण्याचे प्रयत्न फसले. आंत उपासमार सुरू झाली, घोडे व खेंचरें मारून खाण्याची पाळी आली. अखेर जनरल टाऊनशेंड शरण गेला, तेव्हां तोफा फोडण्यांत आल्या व हत्यारें निकामी करण्यांत आलीं. सुमारें १३,००० लोक कैद झाले. वाळवंटांतील पायपिटींत व कैदेंत त्यांतील हजारों मेले. कूतहून कोणी शिपायानें तुर्काची बंदूक घरीं आणणें तर दूरच. तेथें त्याची स्वतःची बंदूकही राहिली नाहीं.

हें सारें मी सांगत असतां स्नेह्यांच्या मातोश्री खाटेवर उठून बसल्या. त्या म्हणाल्या, "म्हणजे हे बसऱ्याचे भावजी असतील रे. माझ्या सासऱ्यांचे थोरले भाऊ. बसऱ्याला गेले ते आलेच नाहींत. सासूबाई सांगायच्या, थोरल्या जाऊबाईंनीं बारा वर्षें वाट पाहिली." घरांत त्यांचें नांव कोणी काढीत नसे. मूलबाळ नव्हतें, म्हणून दोन्ही पातींच्या आठवणींतून ते गळाले आणि त्यांचें चित्र काबूलहून सुखरूप परतलेल्या वडिलांच्या नांवावर चढलें.

मग मातोश्रींनीं सुनेस सांगून स्वैंपाकघरांतून एक जड चकती आणविली. ती कैक वर्षें दह्याच्या गाडग्यावर झांकण म्हणून वापरांत होती. चिंचेनें घासून पाहतां तिच्यावर हातीं त्रिशूळ घेतलेली स्त्री, तिच्या पायांशीं सिंह आणि भोंवतीं इंग्रजी अक्षरें दिसूं लागलीं. महायुद्धांत मृत्यु पावलेल्यांच्या आप्तांस ब्रिटिश सरकारनें पाठविलेली ही कांशाची स्मृतिचकती. तिचा व्यास सुमारें १२ सेंटिमीटर असतो. अशा तेरा लाखांहून अधिक चकत्या पाडल्या गेल्या. तिच्यावर मृताचें केवळ नांव उठविलेलें असतें. हुद्दा मुद्दाम घातलेला नसतो, कारण मरणांत सर्व समान मानावयाचे होते. त्या घरीं चकती आली तेव्हां इंग्रजी वाचणारें कोणी नव्हतें. नांव शंभर वर्षें घरांतच होतें. आम्हीं तें मोठ्यानें वाचलें आणि मातोश्रींनीं पदर डोळ्यांस लावला.

चकतीवर जी समानता कोरली गेली, ती दगडावर मात्र उतरली नाहीं. मेसापोटेमियांत पडून ज्यांस कबर लाभली नाहीं, अशा ४०,००० हून अधिक सैनिकांचें स्मारक बसरा येथें १९२९ सालीं उघडण्यांत आलें. पुढें १९९७ सालीं तें नासिरियाच्या वाटेवर वाळवंटांत हलविण्यांत आलें. त्यावर गोऱ्या शिपायांचीं नांवें आहेत, हिंदी अधिकाऱ्यांचीं आहेत. परंतु साध्या हिंदी शिपायांची पलटणवार केवळ संख्या दिलेली आहे. या भेदाबद्दल कॉमनवेल्थ युद्धसमाधी आयोगानें २०२१ सालीं उघड क्षमा मागितली. क्षमा मागितली हें योग्यच झालें. पण ज्या शिपायाचें नांव त्या भिंतीवर नाहीं, त्याचें नांव टिकविण्याचें काम त्याच्या घरावर येऊन पडतें. आणि घर तर तें नांव विसरून बसलेलें असतें.

साताऱ्याजवळील अपशिंगे गांवानें तें काम केलें आहे. पहिल्या महायुद्धांत आपले ४६ वीर कामीं आले, हें तेथील लहानथोर सांगतात. गांवांत त्यांचें स्मारक आहे, आणि गांवाच्या नांवापुढें 'मिलिटरी' हा शब्द कायमचा जडला आहे. प्रत्येक गांवीं असें होत नाहीं. म्हणून ज्यांस आपल्या घरच्या शिपायाचा शोध घ्यावयाचा असेल, त्यांनीं एक गोष्ट विसरूं नये. तासगांव, वाळवें, खानापूर हे तालुके १९४९ पर्यंत सातारा जिल्ह्यांत होते. त्या सालीं दक्षिण सातारा जिल्हा झाला व १९६० सालीं त्यास सांगली हें नांव मिळालें. तेव्हां जुन्या कागदांत 'जिल्हा सातारा' असें वाचून सांगलीकरांनीं तो कागद परका समजूं नये.

आतां आपल्या धर्मग्रामांतील बंधुभगिनींस हात जोडून विनंती. आपल्या घरीं असें चित्र असेल तर तें पुठ्ठ्यावरून उपटूं नये. मागील मजकूर व छायाचित्रकाराचा शिक्का हेही साक्षीदार आहेत. बंदूक असल्यास तिचें टोंक, पेटी, घोडा व कड्या पाहाव्या. परंतु तेवढ्यावर न थांबतां खांद्यावरील आंकडे, पट्टा, बिल्ले यांवरही भिंग फिरवावें. पेटीच्या तळाशीं असलेलीं पदकें घासून कडेनें वाचावीं; इंग्रजी अमदानींतील युद्धपदकांच्या कडेवर बहुधा शिपायाचें नांव व पलटण कोरलेली असते. चर्चच्या बाप्तिस्म्याच्या व विवाहाच्या नोंदवह्यांत तारखा मिळतात, कधीं बापाचा धंदाही मिळतो. त्या चित्राशीं ताडून पाहाव्या. आणि सर्वांत आधीं घरांतील म्हाताऱ्या माणसांजवळ बसावें. बंदुकीनें आम्हांस साल दिलें, आंकड्यानें पलटण दिली. परंतु माणूस दिला तो नव्वदी ओलांडलेल्या एका माउलीनें, आणि तोही तिला कोणीं विचारलें म्हणून.

स्नेह्यांच्या घरीं आतां दोन चौकटी आहेत. एक पणजोबांची, तींत चित्र नाहीं, केवळ नांव लिहिलें आहे. दुसरी त्यांच्या थोरल्या मुलाची. तिच्याखालीं ती कांशाची चकती बसविली आहे. गेल्या पितृपक्षांत दोहोंस निरनिराळे हार घातले गेले. दह्याच्या गाडग्यास नवें झांकण घेतलें आहे.